चिमणीच्या ओठांवरची चाल

मोजेमावशींची चप्पल हरवली तो दिवस तसा साधाच होता. ऊन कोवळं होतं, बाजारात फारशी गर्दी नव्हती, हातातली पिशवीही हलकी होती. मावशी आपल्याच तंद्रीत चालत घरी आल्या, चपला काढायला दाराशी थांबल्या आणि बघतात तर काय, डाव्या पायात चप्पल आणि उजवा पाय उघडा.

आधी त्यांना हसूच आलं. आता आपलं वय झालं बाई, असं म्हणत त्या पायरीवर टेकल्या. मग हसू हळूहळू विरलं. चप्पल कुठं निसटली ते आठवत नव्हतं, हे एकवेळ चालण्यासारखं होतं. पण ती निसटली हे पायालाही कळलं नव्हतं. खडी, डांबर, फरशी, सगळ्यावरून तो पाय मुकाट्यानं चालत आला होता आणि त्यानं वर काहीच कळवलं नव्हतं.

संध्याकाळी सून बेकरीतून परतली. दिवसभर काउंटरमागं उभं राहून तिचे पाय भरून आलेले असायचे, त्यामुळं जिना चढताना तिची नजर पायऱ्यांवरच असायची. आज पायऱ्यांवर तिला तपकिरी ठिपके दिसले. ते थेट घरात गेले होते.

"आई, हे रक्त कुणाचं?"

"माझंच असणार," मावशी म्हणाल्या. शेजारच्या घराबद्दल बोलावं तसं.

तळव्यात काचेची कपची रुतून बसली होती. सुनेनं ती चिमट्यानं काढली. मावशी सगळा वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या, कारण दुखत होतं ते तिच्या चेहऱ्यावर. पायात काहीच नव्हतं.

आता मोजेमावशी हे नाव कसं पडलं ते सांगायला हवं. मावशींचं उभं आयुष्य पायांच्या सेवेत गेलं होतं, फक्त ते पाय दुसऱ्यांचे होते. शहराच्या टोकाला मोज्यांचा कारखाना होता. लांबच लांब शेडमध्ये गोल गोल फिरणारी मशीनं, प्रत्येक मशीनमध्ये सुयांचं एक कडं, आणि त्या कड्यातून खाली सरकत येणारा मोजा: आधी काठ, मग पोटरी, मग टाच, मग पंजा. मावशी लग्न होऊन आल्या तशा तिथं उभ्या राहिल्या. मुलगा लहान असतानाच नवरा गेला, आणि मग तर उभं राहण्यावाचून इलाजच उरला नाही. शेडमध्ये बसायला मनाई होती. उजेडाच्या तिरप्या पट्ट्यात सुताची बारीक लव दिवसभर तरंगत असायची आणि सगळ्या बायका पाण्याखाली असल्यासारख्या दिसायच्या.

आवाज इतका की स्वतःचा खोकला स्वतःला ऐकू येत नसे. म्हणून बायका ओठांनी बोलायच्या. आवाज काढायचाच नाही, तोंड मोठं करून शब्दाचा नुसता आकार करायचा. एकीनं इकडे सासूचा उद्धार केला की पार पलीकडच्या भिंतीपाशी दुसरी खुसखुसायची. सुपरवायझर मधून चालत गेला तरी त्याला पत्ता लागत नसे.

मावशींच्या शेजारच्या मशीनवर चिमणी होती. तिचं खरं नाव हजेरीच्या कागदावर असेल तेवढंच. तिचे ओठ एक क्षण मिटत नसत म्हणून ती चिमणी. ती गाते, असं सगळ्यांनी धरूनच चाललेलं होतं. मावशींच्या जागेवरून तिची एकच बाजू दिसायची: कान, गालाचा उंचवटा आणि ओठांचं एक टोक. तेवढ्यावरून शब्द लागत नसत, आणि टक लावून बघायची सोयही नव्हती, कारण एखादी सुई तुटली की मोज्याला वरपासून खालपर्यंत रेघ सुटायची. पण ते टोक हलायचं मोठं गोड. थांबायचं, दोनदा झरझर हलायचं, पुन्हा संथ व्हायचं. कधीतरी, कुठल्या वर्षी कोण जाणे, त्या हलण्यावर मावशींच्या डोक्यात एक चाल येऊन बसली. चिमणीचं गाणं ते हेच, अशी त्यांची खात्री झाली. जेवणाच्या सुट्टीत विचारता आलं असतं, पण सुट्टीत बोलायला इतर हजार गोष्टी असायच्या. आणि रोज समोर असलेल्या गोष्टीबद्दल कोण विचारतं?

मग चिमणी दुसऱ्या गावी गेली. काही वर्षांनी कारखानाही बंद पडला. मावशी घरी बसल्या आणि साखरेचा आजार मागोमाग आला.

डॉक्टरांनी पायाची जखम धुतली, बांधली आणि मग ते मावशींच्या पावलावर दोन बोटं ठेवून बराच वेळ गप्प राहिले. दार ठोठावून आतून कुणी ओ देतंय का बघावं तसे.

"नाडी लागते, पण फार लांबून," ते म्हणाले. "रक्त पायांपर्यंत पोचायला कुरकुर करतंय. गोळ्या चालू ठेवायच्या, अनवाणी एक पाऊलही टाकायचं नाही, आणि जखम भरली की आपल्या खालच्या हॉलमध्ये जायचं. तिथं पायांचा व्यायाम घेतात. गाण्यावर."

"गाण्यावर?" मावशींना वाटलं, आपली थट्टा चाललीय. "ह्या वयात मी नाचू?"

"नाचायचं नाही हो. झोपायचं."

ते तर नाचण्यापेक्षाही वाईट होतं. भरदिवसा, चारचौघांत, सतरंजीवर आडवं व्हायचं आणि पाय वर करायचे! आजारपण सोडलं तर मावशी दिवसा कधी आडव्या झाल्या नव्हत्या. जखम भरल्यावरही त्यांनी आज डोकं दुखतंय, उद्या पाहुणे आहेत असं करून बरेच दिवस ढकलले. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी सुनेनं त्यांना हाताला धरून हॉलच्या दारात नेऊन उभं केलं.

व्यायाम घेणाऱ्या बाई तरुण होत्या, शिट्टी गळ्यात असायची पण वाजवत कधीच नसत. म्हाताऱ्यांनी त्यांचं नाव कवायतबाई ठेवलं होतं. कवायत म्हणाल तर अगदी सोपी. पाठीवर पडायचं, पाय उशांच्या चढावर ठेवायचे आणि तळवे फिके पडेपर्यंत तसंच राहायचं. मग उठून बाकाच्या कडेला बसायचं, पाय खाली सोडायचे, बोटं वर, बोटं खाली, घोटे गोल गोल, पावलांवर लाली येईपर्यंत. मग पुन्हा आडवं होऊन पाय सरळ, अंगावर पांघरूण, काहीच करायचं नाही. आणि हे सगळं चालू असताना कोपऱ्यातल्या स्पीकरमधून संथ संगीत.

"गाणं कशाला लागतं ह्याला?" मावशींनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"गाणं नसलं की सगळे घाई करतात," कवायतबाई म्हणाल्या. "पाय वर गेले न गेले तोच खाली येतात. रक्ताला घाई चालत नाही, मावशी. त्याला वेळ द्यायला लागतो, आणि वेळ काढायला गाणं लागतं."

हॉलमध्ये सात-आठ जण यायचे. त्यात एक ड्रायव्हरकाका होते, आयुष्यभर बस चालवलेले. त्यांना धडाक्याची गाणी हवी असायची. एक निवृत्त मुख्याध्यापिका बाई होत्या, त्यांना मुळात कुठलाच आवाज नको असायचा. दोघांची रोज जुंपायची. मधला मार्ग म्हणून कवायतबाईंनी ठरवलं, प्रत्येकानं आळीपाळीनं आपल्या आवडीचं एक संथ गाणं सांगायचं.

मावशींची पाळी आली. घरात रेडिओ होता, पण तो मुलाचा. पुढं टीव्ही आला, तो सगळ्यांचा. स्वतःचं म्हणावं असं गाणं मावशींकडे एकच होतं आणि ते त्यांनी कधी ऐकलेलंच नव्हतं.

"शब्द नाही येत," त्या म्हणाल्या.

"नुसतं गुणगुणा."

मावशी लाजल्या, खाकरल्या, पदर सारखा केला. मग डोळे मिटून हळूच गुणगुणायला लागल्या. ती चाल फार काही वर जात नव्हती, फार खालीही येत नव्हती. जरा थांबायची, दोन पावलं झरझर टाकायची, पुन्हा संथ व्हायची. हॉल शांत झाला. वर उचललेले पाय वरच राहिले. मावशींना स्वतःच्या मिटल्या डोळ्यांआड ती शेड दिसायला लागली. उजेडाचा तिरपा पट्टा होता, त्यात लव तरंगत होती, आणि त्याही तरंगत होत्या, मशीनच्या वर, छताच्या जरा खाली. कुणी त्यांना उभं राहायला सांगत नव्हतं. पाय खाली सोडले तेव्हा वाटलं, आपण एखाद्या नदीच्या काठावर बसलोय आणि पाणी घोट्यांशी येऊन चाचपतंय. फार खोलवर कुठंतरी बारीक मुंग्या आल्या. आधी त्यांना कळेना हे काय. मग कळलं, हा आपलाच पाय.

"कुठलं हो हे गाणं?" ड्रायव्हरकाकांनी विचारलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते त्यांनी पंख्यावर ढकललं.

"मी लहानपणी ऐकलंय," मुख्याध्यापिका बाई ठामपणे म्हणाल्या. "नाव ओठांवर आहे."

ते नाव काही ओठांवरून पुढं आलं नाही. मग मावशींनी चिमणीची सगळी हकीकत सांगितली. ड्रायव्हरकाका ताडकन उठून बसले.

"मोज्यांचा कारखाना? अहो ताई, त्या कारखान्याची बस मीच चालवायचो! चिमणी म्हणजे ती, पुढच्या दाराशी उभी राहून माझ्या कानाशी अखंड बडबडणारी? तिच्या भावाचं सायकलचं दुकान होतं, माझ्या थांब्यासमोर. पोरं अजून चालवतात."

झालं. ड्रायव्हरकाकांनी मनावरच घेतलं. ते सायकलच्या दुकानात गेले, भावाच्या पोरांनी आत्याचा नंबर दिला, आणि एका रविवारी दुपारी सुनेनं मावशींच्या समोर फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. व्हिडिओ लावला. पडद्यावर एक पांढऱ्या केसांची, दात नसलेली बाई आली.

"हॅलो!" मावशी ओरडल्या.

"काय?" पलीकडची बाई ओरडली.

"मी! मोज्यांची! शेजारच्या मशीनवरची!"

"ऐकू येत नाही गं! कान गेले कारखान्यात!"

मावशींचेही अर्धे तिथंच गेले होते. दोघी थोडा वेळ एकमेकींवर खेकसल्या. सून फोनचा आवाज वाढवायला पुढं झाली, तेवढ्यात दोघीही एकदम गप्प झाल्या. मावशींनी तोंड मोठं उघडलं आणि आवाज न काढता एक शब्द केला. पडद्यावरच्या बाईचा चेहरा उजळला. तिनंही तसंच तोंड उघडलं.

मुलगा चहा घेऊन आतून आला तो दारातच थबकला. आई आणि फोनमधली म्हातारी दोघी माशांसारखी तोंडं हलवत होत्या, हसत होत्या, डोळे पुसत होत्या, आणि घरात घड्याळाच्या टिकटिकीखेरीज आवाज नव्हता. "काय झालं हिला?" त्यानं बायकोला विचारलं. तिनं ओठांवर बोट ठेवलं.

चिमणीचा चेहरा मावशींना पहिल्यांदाच समोरून, निवांत दिसत होता. मागं घाईची सुट्टी नव्हती, मध्ये मशीन नव्हतं. त्यांनी विचारलं, तू मशीनवर कुठलं गाणं म्हणायचीस?

"गाणं?" चिमणीचे ओठ म्हणाले. "कसलं गाणं? मला कुठं गाता येतं!"

"मग दिवसभर तोंड हलायचं ते?"

"बोलायचे मी. डुलकी लागू नये म्हणून. जे दिसेल ते. आता काळे मोजे आले. आता पांढरे. साहेबाचं पोट सुटलंय. पलीकडचीनं आज केस धुतलेत." मग तिनं मावशींकडे बोट रोखलं. "तुझ्याबद्दलही बोलायचे. तुझा नवरा गेल्यावर तू पहिल्यांदा कामावर आलीस ना, त्या दिवशी तर दिवसभर एकच म्हणत होते मशीनला. हिला कुणीतरी जरा बसू द्या रे. हिला कुणीतरी जरा बसू द्या."

मग चिमणीनंच विषय बदलला, नातवंडं दाखवली, आपल्या गुडघ्यांना चार शिव्या घातल्या, आणि पुन्हा फोन करायचं कबूल करून ती दिसेनाशी झाली.

तुम्हाला वाटेल, मावशी आनंदात राहिल्या असतील. तसं झालं नाही. चिमणी सापडली याचा आनंद होताच, पण गाणं हरवलं होतं. हरवलं म्हणजे काय, ते नव्हतंच. मग इतकी वर्षं आपण ऐकत होतो ते काय? सगळ्या हॉलला आपण डोळे मिटून जे ऐकवलं ते काय? मावशींना स्वतःचीच भयंकर लाज वाटली. कुणीतरी आपल्याला हातोहात बनवलं आणि तो बनवणारा आपल्याच डोक्यात बसलाय, असं काहीसं. त्या हॉलकडे फिरकेनाशा झाल्या. कवायतबाईंचा निरोप आला, तर सांगितलं, कंबर धरलीय.

पाय पुन्हा थंड पडायला लागले. सून त्यांच्या तळव्यांना तेल लावायला बसायची, बोटांच्या मधली जागा सोडून, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे. एके दिवशी तिनं पाऊल हातात धरूनच ठेवलं.

"आई, बर्फ झालाय. हॉलमध्ये जात नसाल तर नका जाऊ. पण घरी तरी करा."

"करते गं बाई, करते."

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नव्हतं. मावशींनी पलंगावर उशा रचल्या आणि पाय वर टाकले. संगीत नाही, काही नाही. बाहेर कुणीतरी गादी झोडत होतं. पडद्यातून आलेला उजेड छतावर हलत होता, पाण्याचा असावा तसा. मावशी काहीही न ऐकण्याचा निश्चय करून पडून राहिल्या.

चाल आली. कुणी बोलावलं नव्हतं तरी आली, नेहमीसारखी जरा थांबून, मग दोन पावलं झरझर. मावशींनी चिमणीचे ओठ आठवून बघितले, तर ओठ वेगळंच काही बोलत होते: काळे मोजे, पांढरे मोजे. चाल त्या ओठांच्या बाजूनं आपली निघून गेली, जराही न अडखळता. मावशींना वाटलं, हे एखादं मूल आहे. दुसऱ्याचं म्हणून इतकी वर्षं सांभाळलं, आणि आज कुणी येऊन सांगतंय की बाई, ते तुझंच.

त्या उठून पलंगाच्या कडेला बसल्या, पाय खाली सोडले, बोटं वर, बोटं खाली. पावलांवर हळूहळू लाली येत होती. त्या मोठ्यानं गुणगुणायला लागल्या. गादी झोडणाऱ्याचा आवाज मध्येच थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

पुढच्या आठवड्यात त्या हॉलमध्ये गेल्या आणि सगळं खरं सांगून टाकलं. गाणं चिमणीचं नाही. कुणाचंच नाही. म्हणजे, माझंच आहे म्हणे.

"अरे वा!" ड्रायव्हरकाका म्हणाले. "म्हणजे आता विचारायचं कुणाला, तर तुम्हालाच. मधे ती जरा घाईची जागा आहे, ती दोनदा घ्याल का? माझे घोटे तिथं बरे फिरतात."

कवायतबाईंनी फोनवर मावशींचा आवाज भरून घेतला आणि स्पीकरवर लावला. मावशी ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "कोण ही म्हातारी? जरा सुरात गायला सांगा की तिला." सगळा हॉल हसला. मुख्याध्यापिका बाई मात्र अजूनही मानायला तयार नाहीत. ही चाल त्यांच्या लहानपणी होतीच, त्यांच्या शाळेत म्हणायचे, असं त्या आजही छातीठोकपणे सांगतात. मावशी त्यांच्याशी वाद घालत नाहीत. एका सोमवारी तर मावशींनाच वाटून गेलं, असेलही.

पायांचं म्हणाल तर जादू वगैरे काही झाली नाही. उजव्या पायाचा अंगठा अजून बहिराच आहे, आणि मावशी रोज तळव्यांखाली आरसा धरून, चष्मा लावून, कुठं लागलंबिगलंय का ते बघतात. मागच्या पट्ट्याच्या, पायातून न निसटणाऱ्या चपला आल्या आहेत. पण पाय आता हाताला कोमट लागतात. डॉक्टरांनी परवा पावलावर बोटं ठेवली आणि त्यांना फार वेळ गप्प राहावं लागलं नाही. "आली," ते म्हणाले. "अगदी दारात उभी आहे." चिमणीच्या गावातही असा हॉल आहे का, याची ड्रायव्हरकाकांनी सायकलच्या दुकानातून चौकशी चालवली आहे.

परवाच्या रविवारी दुपारी मावशी घरी पाय वर करून पडल्या होत्या. सून अर्धी पाळी करून बेकरीतून आली. बघत उभी राहिली. तिच्या अंगाला भाजलेल्या पावाचा वास येत होता आणि पोटऱ्यांवर निळ्या शिरा टरारल्या होत्या.

"सरका जरा," ती म्हणाली, आणि मावशींच्या शेजारी आडवी होऊन तिनंही पाय उशांवर टाकले. "मला साखर नाही, चालेल ना?"

"चालेल की. पण बोलायचं नाही."

मावशी गुणगुणायला लागल्या. छतावर उजेड हलत होता. सुनेचा श्वास आधी थकलेला होता, मग लांब झाला, मग अगदी सावकाश यायला लागला. थोड्या वेळानं पाय खाली सोडायची वेळ झाली. मावशींनी मान वळवून बघितलं. सून गाढ झोपली होती, तोंड किंचित उघडं, हातात बेकरीची टोपी तशीच. मावशी तिला धक्का न लावता, उशांवरून एकेक पाय सोडवत उठल्या, पलंगाच्या कडेला बसल्या, आणि आवाज आणखी खाली आणून त्यांनी चाल पुन्हा पहिल्यापासून धरली.